सांधे दाबायचा दिवस

न्हाणीची आतली कडी ओढता येईना, म्हणून मी एका सकाळी न्हाणीतच अडकून बसले. कडी साधी लोखंडाची. वर्षानुवर्षं लावलेली आणि काढलेली. त्या दिवशी बोटं तिच्याभोवती मिटेनात. तळव्यानं ढकलून पाहिली, कोपरानं पाहिली, शेवटी टॉवेल गुंडाळून दातांनी पाहिली. बाहेरून सासूबाई ओरडल्या, "निघ की आता! का तिथंच संसार मांडतीस?"

"कडी निघंना, आत्या."

मग त्यांनी लेकाला हाक मारली. आमचे हे पाना घेऊन आले, दार बिजागरीतून खोललं आणि बाजूला उभं केलं. तेव्हापासून आमच्या न्हाणीला कडी नाही. पडदा आहे.

मी नळदुर्गला कडक भाकरीचा धंदा करत होते. ज्वारीचं पीठ काठवटीत मळायचं, कागदासारखी पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजून चुलीच्या कडेला उभी करून कडक होऊ द्यायची. हायवेच्या धाब्यांवर माझा माल जायचा. माझ्या हाताखाली दोघी बायका होत्या, पण पातळ भाकरी माझ्याच हातची लागायची. दोन्ही मनगटं सुजली आणि ते काम त्या दोघींकडं गेलं. मी पिशव्यांना रबर लावत बसले. पुढं रबरही चढेना.

दुखणं आमवाताचं. वयाचा यात काही संबंध नाही, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उठतं आणि त्यांना पोखरतं. वेळेत आवरलं नाही तर बोटं वाकडी होतात आणि वाकडी झालेली सरळ होत नाहीत. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या चालू होत्या. त्यांनी तोंड यायचं आणि सूज तिथंच असायची. तेव्हा डॉक्टरांनी संशोधनाचं विचारलं. एक नवी गोळी आली होती, ती तपासायची होती. जुनी गोळी चालूच ठेवायची आणि सोबत ही घ्यायची. काही जणांना खरी नवी गोळी मिळणार, काही जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कोणती, हे मला कळणार नाही आणि त्यांनाही नाही.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी हातातली चाळणी खाली ठेवली. "गोळी कसली हाय ते डाक्टरालाच ठाव न्हाय, आन् तू ती गिळणार?"

"तपासायची म्हणजे तसंच असतं, आत्या."

"आमी कोंबड्याला पेंड घालताना सुदा बघून घालतो."

मी सही केली. दुसरा रस्ता दिसत नव्हता. कधीही मन बदललं तर सोडून जाता येईल, असं त्यांनी दोनदा समजावलं. मी मनात म्हटलं, सोडून जायचं कुठं? पुन्हा त्याच गोळीकडं, त्याच पिशव्या आणि रबराकडं. एक नियम मात्र मी पक्का लक्षात ठेवला. मधल्या तपासण्यांना लागोपाठ दोन वेळा सांधे बरे दिसले नाहीत, तर गोळी बंद करून ओळखीचं, खात्रीचं इंजेक्शन देणार. बाहेरचं दुसरं औषध या काळात चालणार नव्हतं.

दर महिन्याला सोलापूर. बसनं तासाभराचं अंतर, पण दुखऱ्या हातांनी बसची दांडी धरून चढायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. तिथं तीन माणसांशी गाठ पडायची. एक डॉक्टर, एक नोंदी ठेवणारी मुलगी आणि तिसरी सांधे दाबणारी. या तिसरीला माझ्या औषधाबद्दल अवाक्षर सांगायचं नाही, हा नियमच होता. ती येणार, बोटांचं एकेक पेर, मनगट, कोपर, खांदा, गुडघा दाबणार, "दुखतं?" एवढंच विचारणार आणि जाणार. आधी मला ती घुमी वाटली. मग कळलं, तिचं कामच तसं आहे. तिला काही माहीत झालं तर तिचा अंगठा कमीजास्त दाबला जाईल.

नोंदी ठेवणारी मुलगी बोलकी होती. एका आडव्या रेघेवर मला खूण करायला सांगायची, एका टोकाला अगदी बरं, दुसऱ्या टोकाला अगदी वाईट. मग प्रश्न. नळ फिरवता येतो का? भरलेला पेला तोंडापर्यंत नेता येतो का? केस धुता येतात का? मोटारीचं दार उघडता येतं का? आमच्याकडं मोटार नाही. भाकरी थापता येते का, हे कुणी विचारलं नाही.

तपासणीच्या दिवशी पहाटे सासूबाई उठायच्या. पातेल्यात निर्गुडीचा पाला उकळायच्या, माझे हात वाफेवर धरायच्या आणि मग तव्यावर भाजलेल्या मिठाच्या पुरचुंडीनं एकेक बोट शेकायच्या. तेल चोळायच्या. माझी वेणी घालायच्या, पदराला पिन लावायच्या. "डाक्टराकडं जायचं तर माणसासारखं जावं," असं त्यांचं म्हणणं. यात मलाही काही गैर वाटलं नाही. आपण दवाखान्यात अंघोळ करून, धुतलेलं नेसून जातो. मळके पाय डॉक्टरांसमोर करत नाही. हातही तसेच नीट करून न्यायचे, यात विचार करण्यासारखं काय होतं?

सोलापूरला पोचेपर्यंत बोटं मोकळी व्हायची. ती बाई दाबायची, मी म्हणायची, "थोडंसं." मुलगी विचारायची, "आज कसं आहे?" मी म्हणायची, "बरं आहे." एवढ्या लांबून येऊन एवढ्या माणसांनी एवढं विचारायचं आणि आपण रडगाणं गायचं, हे माझ्या तोंडून निघत नाही. रेघेवरची खूण बऱ्याच्या बाजूला पडायची. "दुसऱ्या माणसाची मदत लागते का?" या प्रश्नालाही मी नाही म्हणायची. वेणी सासूबाई घालतात, ही काय मदत झाली? ते घर आहे. आणि "बाहेरचं काही औषध घेतलं का?" याला पण नाहीच. पाला कुंपणावरचा, मीठ डब्यातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हात पुन्हा लाकूड. मला वाटायचं, प्रवासाचा शीण.

डॉक्टर एकदा कागद पुढं धरून म्हणाले, "रक्तात सूज चांगलीच दिसते. पण तुमचे सांधे दुखत नाहीत, आणि तुम्ही म्हणता बरं आहे. मग गोळी चालू ठेवायला हवी." मी मान हलवली. घरी येताना बसच्या खिडकीतून धाबे मागं जात होते, एकेकाच्या दारात माझ्या भाकरीची चवड असायची ते आठवत होतं. म्हटलं, गोळी लागू होतेय म्हणतात, मग मला का कळत नाही?

मग सासूबाई मुरुमला गेल्या, त्यांच्या लेकीकडं. लेकीच्या सासऱ्यांचं मोठं ऑपरेशन झालं होतं. तपासणीची तारीख त्याच आठवड्यात आली. पहाटे शेक नाही, तेल नाही. वेणीसाठी यांना बसवलं. मोटारपंपाची वायंडिंग करणारा माणूस, तार गुंडाळल्यासारखे केस गुंडाळले आणि वर भाकरीच्या पिशवीचं रबर चढवलं. "काढताना केस तुटतील बघ," म्हणाले.

"काढायचं संध्याकाळचं संध्याकाळी बघू. चला."

सोलापूरला त्या बाईनं पहिल्याच पेराला अंगठा लावला आणि मी हात ओढून घेतला. मनगटाला लावला तेव्हा माझ्या तोंडून अशी काही किंकाळी निघाली की बाहेरच्या रांगेतली माणसं आत डोकावली. त्या बाईनं कागदावर खूण केली. तिनं पुढचा सांधा धरला. गुडघ्यापर्यंत गेली तोवर माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी काही रडकी बाई नाही.

नोंदी ठेवणाऱ्या मुलीनं मला चहा दिला. कप मी दोन्ही तळव्यांत धरला. ती बघत होती.

"मावशी, या महिन्यात काय वेगळं झालं?"

"काही नाही."

"केस कुणी बांधले?"

"यांनी. सासूबाई गावाला गेल्यात."

"एरवी सासूबाई बांधतात?"

"व्हय. शेक देतात, तेल लावतात, वेणी घालतात. मग मी निघते."

तिचा पेन थांबला. "शेक कधी देतात?"

"इकडं यायच्या दिवशी. पहाटे."

ती उठून डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर रागावले नाहीत, पण बराच वेळ त्यांनी कपाळ चोळलं. मुलगीच बोलली, "मावशी, आम्ही गोळीचा हात बघायला बसलोय. तुम्ही आम्हाला निर्गुडीचा हात दाखवताय."

आणि त्या दोघांनी समजावलं. घरातलं माणूसही दुसरं माणूस धरायचं. त्याच्यावाचून होत नसेल तर होत नाही असं सांगायचं. कसं आहे विचारलं की चांगुलपणा दाखवायचा नाही. आणि पुढच्या वेळी आदल्या दिवसापासून शेक नाही, तेल नाही. "जसं उठाल तसं या," डॉक्टर म्हणाले. आजची नोंद एक झाली. पुढचीही अशीच आली तर इंजेक्शन. ती पुन्हा बरी दिसली तर मोजणी पहिल्यापासून.

इतके महिने मी अडकले होते ते रोगानं आणि वर नीट वागण्यानं. कडी आतूनच लागलेली होती. मला हसूही आलं नाही, संताप आला. कुणावर करायचा, ते ठरेना.

सासूबाई परत आल्यावर मी पिशवी उतरवून घेण्याआधीच सांगून टाकलं. त्या ओट्यावर टेकल्या.

"म्हंजी माझ्या शेकानं तुझं वाटुळं झालं?"

"तसं नाही आत्या. शेकानं बरं वाटतं, म्हणून तर त्यांना खरं दिसत नाही."

"बरं वाटतं तेच खोटं, आन् बोंबलायचं तेच खरं. लई शाने हायत तुझे डाक्टर."

"पुढच्या खेपेला शेकलंत तर मला इंजेक्शन मिळणार नाही. बोटं वाकडी होतील. मग शेकून सरळ होणार नाहीत."

त्या बोटांकडं बघत राहिल्या. माझ्या उजव्या हाताची करंगळी बाहेर झुकायला लागलीच होती. "आन् लोकं काय म्हणतील? एवढी धडधाकट सासू घरात, आन् सून अशी झिंज्या सोडून एसटीत."

"लोक वेणी घालायला येत नाहीत," मी म्हटलं.

"तू तर बोलूच नको," त्या म्हणाल्या आणि उठून पालेभाजी निवडायला बसल्या. पण आधी फक्त तपासणीच्या दिवशी शेकायच्या, त्या आता महिन्यातले बाकीचे सगळे दिवस हात शेकायला लागल्या. मीही हात पुढं करत राहिले.

तपासणीच्या दिवशी जाग आली तेव्हा दोन्ही हात छातीवर मिटलेले, उघडेनात. सासूबाई चुलीशी बसल्या होत्या. चूल पेटलेली, त्यावर फक्त चहा. हात त्यांनी पदरात गुंडाळून ठेवले होते. मला वाटलं गारठ्यानं. मग लक्षात आलं, आपण होऊन पुढं जाऊ नयेत म्हणून. मी साडी कशीबशी गुंडाळली, निऱ्या यांनी खोचल्या. केस तसेच ठेवून डोक्यावर पदर घेतला. बाहेर पडले तर सासूबाई चपला घालून उभ्या.

"तुम्ही कुठं?"

"बघती तरी, काय करत्यात तुला."

बसमध्ये ओळखीच्या बाईनं विचारलं, "काय गं, बरं न्हाय व्हय?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "न्हाय बरं. लई दुखतंय तिला." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घरातलं दुखणं एसटीत सांगितलं.

दवाखान्यात सांधे दाबणारीनं मनगट धरलं आणि मी ओरडले. दारातून आवाज आला, "अगं बाई, हळू! माझ्या सुनंची बोटं हायत ती, भुईमुगाच्या शेंगा न्हाईत!"

त्यांना बाहेर नेऊन बसवावं लागलं. त्या बाईच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी हललेलं पाहिलं, पण तिनं अंगठा पूर्वीइतकाच दाबला. मुलीनं विचारलं, आज कसं आहे. मी रेघेवर खूण केली. कुठं केली ते सांगायला आजही संकोच वाटतो. केस धुता येतात का? नाही. दुसऱ्या माणसाची मदत लागते का? "लागते," मी म्हटलं. "बाहेर बसलंय ते माणूस."

इंजेक्शन सुरू झालं. पोटावर, घरीच घ्यायचं. हे देतात, तार जोडताना जसं ओठ चावतात तसं चावून. सूज उतरली, सगळी नाही. करंगळी झुकली ती झुकलीच. जाड भाकरी थापता येते, घरापुरती. पातळ थापायला गेले की काठ फाटतो. धाब्यांचा माल त्या दोघीच करतात. आधीचे इतके महिने मी गिळत होते ती गोळी खरी होती का नुसती, हे अजून मला कळलेलं नाही. सगळीकडचा अभ्यास संपेपर्यंत कुणालाच कळणार नाही म्हणतात. तपासण्या चालू आहेत. यांनी विचारलं, न्हाणीला कडी बसवू का? मी म्हटलं, राहू द्या.

निर्गुडीचं पातेलं आता मांडणीवरच असतं. संध्याकाळ झाली की सासूबाई ते हातात घेतात आणि चूल पेटवायच्या आधी मला विचारतात, "उद्या हात त्यांचे का आपले?"

बहुतेक दिवशी आपले असतात. ज्या दिवशी नसतात त्या दिवशी मी म्हणते, "त्यांचे, आत्या." त्या पातेलं पालथं घालून ठेवतात आणि माझ्याकडं न बघता भाजी चिरायला घेतात.