भट्टीतला नान

भट्टीतून निघालेल्या नानाचा वास आला की मला आमच्या शहरातल्या शहागंज या मुसलमान वस्तीतली रमजानची ती संध्याकाळ आठवते. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली होती, तरी आमच्या घरचं कुणी त्या बाजूला फिरकत नसे. वर्गातल्या मुसलमान मित्राबरोबर मी घरी न सांगता गेलो होतो. चटयांवर माणसं खजूर आणि नान पुढ्यात घेऊन गप्प बसली होती. मित्रानं पिवळाधमक गरम नान माझ्या हातात दिला आणि मी लगेच तुकडा मोडून तोंडात टाकला. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. शेजारचे म्हातारबाबा हळूच म्हणाले, "अजान होऊ द्यायची व्हती, बेटा." मित्राचा पहाटेपासून रोजा होता, पाण्याचा थेंबही नाही. त्यानं माझ्याच नानाचा तुकडा तोडला, सगळ्यांदेखत खाल्ला आणि म्हणाला, "चाचा, आमी दोघं संगंच आलोत." दोन मिनिटांनी मशिदीतून रोजा सोडायची अजान झाली; त्याचा दिवसभराचा रोजा मात्र आधीच मोडला होता. परतताना त्याच्या गल्लीच्या तोंडाशी मी एवढंच म्हणालो, "नान लई चांगला होता." सत्तर वर्षं झाली, त्याहून बरं काही मला अजून सुचलेलं नाही.