उड्या मारायला कुणी सांगितलं

राजमणीअक्का. नाव आधीच लिहून ठेवते. पुढचं सांगता सांगता माझं धाडस कुठंही संपू शकतं, मग निदान नाव तरी कागदावर राहील.

सोलापुरात आले तेव्हा मला राहायला खोली त्यांनी बघून दिली. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर त्यांनीच नेऊन बसवलं. एकदा मला ताप भरला. नवरा ट्रकवर, बाहेरगावी. उशाशी बसून मला पेज पाजली ती अक्कांनी. माझं माहेर मेहकरच्या बाजूला — इथून कितीतरी लांब. सातवीत शाळा सुटली, लग्नानंतर गाव सुटलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत घराघरात तेलुगू, आणि माझं बोलणं ऐकून बायका हसायच्या. मी "काय करून राहिल्या?" असं विचारलं की त्या एकमेकींना तसंच विचारून दाखवायच्या. हसल्या नाहीत त्या फक्त अक्का.

मग अशा बाईशी मी जे केलं, ते का केलं? हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि उद्या नळावर भेटणारही नाही.

अक्का रोज सकाळी समाजमंदिराच्या पटांगणात बायकांचा व्यायाम घ्यायच्या. फुकट. त्या आधी हाडाच्या दवाखान्यात मावशी म्हणून होत्या. तिथं प्लास्टर निघालेल्या माणसांना पाय हलवायला कसं शिकवतात, ते त्यांनी वर्षानुवर्षं बघितलं होतं. त्यांची पद्धत न्यारी होती. बायकांचे त्या दोन गट करायच्या — बसून काम करणाऱ्या आणि उभ्यानं काम करणाऱ्या. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या एका बाजूला, यंत्रमागावरच्या दुसऱ्या. बसणारीचा गुडघा आणि कंबर आखडलेली असते, तिचे सांधे आधी सोडवायचे, मग चालायचं, आणि कितीतरी दिवसांनी बाकीचं. उभी राहणारीच्या पोटऱ्या आधी ताणायच्या. सगळ्यांना एकच व्यायाम कधीच नाही. नवी बाई आली की, "तुला जेवढं जमंल वाटतंय ना, त्याच्या निम्मं कर. उरलेलं पुढच्या महिन्यात," असं म्हणायच्या.

आणि रोज सकाळी प्रत्येक नवीला एकच प्रश्न. "काल घरी गेल्यावर जिना कसा उतरलीस?"

आता हा प्रश्न किती साधा आहे, नाही? जिना उतरताना गुडघा दुखला तर काल जास्त झालं, आज कमी करायचं. एवढंच. पण मला तो कधी साधा वाटला नाही. का विचारतात या? कुणासाठी विचारतात?

मी मशीनवर बसणारी. माझी कंबर धरायची, म्हणून तर मी तिथं जायला लागले. पण कारखान्यात मला लावलं कुणी? अक्कांनी. कारखाना बघणाऱ्या मास्तरांशी ओळख कुणाची? अक्कांची. उद्या त्यांनी मास्तरांना सहज म्हटलं, की या बाईचा गुडघा गेलाय, कंबर गेलीय, तर? कारखान्यात मागच्या बाजूला कंबर धरून बसणारी एक बाई होती, ती एक दिवस दिसेनाशी झाली. का, ते कुणी सांगितलं नाही. मी मात्र मनाशी ठरवून टाकलं. मला काहीही दुखत नाही. जिना? उड्या मारत उतरले, अक्का.

त्या माझ्याकडं बघत राहायच्या. मग शेजारच्या बाईला तेलुगूत काहीतरी बोलायच्या. दोघी माझ्या पायांकडं बघायच्या.

तुम्ही परक्या गावात राहिला आहात का कधी? आपल्यासमोर आपल्याला न कळणाऱ्या भाषेत बोललं जातं, तेव्हा ते आपल्याबद्दलच असतं असं वाटतं. कदाचित त्या डाळीचा भाव बोलत असतील. मला तसं कधीच वाटलं नाही.

एकदा कारखान्याच्या फाटकाशी अक्का मास्तरांशी बोलताना दिसल्या. दुसऱ्याच दिवशी माझं बसायचं स्टूल बदललं. जुनं बुटकं होतं, हे उंच, पाठ टेकायला फळी असलेलं. दुसरं कुणीही त्यावर हरखून गेलं असतं. मी काय केलं असेल? दिवसभर शिलाई वाकडी घातली. माझ्यावर खूण केली, असं मला वाटत राहिलं. सुखासुखी कोण कुणाला उंच स्टूल देतं?

आणि एक होतं — ते लिहायला जड जातंय. मला वाटायचं, खरा व्यायाम अक्का दडवून ठेवतात. मोबाईलवर एक बाई दिसायची. उड्या मारायची, खाली बसून पुन्हा उसळायची, घामानं चिंब. पोट सपाट. आणि आम्ही काय करायचो? घोटे फिरवायचो. मान डावीकडं, मान उजवीकडं. मी खोलीत दार लावून त्या बाईच्या मागं उड्या मारायला लागले. खालच्या घरातले ओरडायचे. गुडघ्यात कळ उठायला लागली, तशी मी ती पदराखाली झाकावी तशी झाकली. सकाळी अक्कांना म्हणायची — काही नाही, बरंय.

सुवर्णा आली ती त्याच सुमाराला. नवी सून, अक्कलकोटकडची. बोलण्यात कानडी मिसळायची. लग्नानंतर सासूनं तिला विड्या वळायला शिकवलं होतं आणि ती इतकी चपळ निघाली की गल्लीत तिचं नाव झालं. तिला भावाच्या लग्नात जुना ब्लाउज घालायचा होता. "अक्का, लवकर काय तरी करा की. हात वर केला तर शिवणच उसवंल," म्हणायची. अक्का हसून तिला सांगायच्या, "ब्लाउज उसव, गुडघा उसवू नगं."

नेमकं तेव्हाच अक्कांना भाचीच्या लग्नाला तेलंगणात जावं लागलं. जायच्या आदल्या संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या. मी भाकरी थापत होते. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"वंदना, मी येईस्तोवर तू घे बायकांचं. सांधे सोडव, चालव, बास. नव्या पोरींना उड्या न्हाईत. सुवर्णाला तर अजाबात न्हाई, दिवसभर मांडी घालून बसती ती पोरगी."

हे माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही. हे लक्षात ठेवा.

त्या गेल्या आणि मी विचार करत बसले, की मलाच का? जुन्या कितीजणी आहेत, त्यांच्या भाषेतल्या आहेत. मग मला का? माझ्या हातून काही चुकावं म्हणून? आज हे वाचताना तुम्हाला हसू येत असेल. मला तेव्हा ते खरं वाटलं होतं. आणि त्याच वेळी मी हुरळलेही होते. हे दोन्ही एकाच डोक्यात राहू शकतं, हे मला माझ्यावरूनच कळलं.

पहिल्या सकाळी सांगितलं तसं केलं. बायका कंटाळल्या. अक्का असताना कंटाळल्या नसत्या, कारण अक्का मधेमधे चेष्टा करायच्या. मला चेष्टा येत नाही. एकजण म्हणाली, "अक्का न्हाईत तर मजा न्हाई." ते मला लागलं. दुसऱ्या सकाळी मी मोबाईल कट्ट्यावर टेकवून ठेवला आणि म्हटलं, आज खरा व्यायाम.

फरशी सिमेंटची. बायका चपला काढून अनवाणी. सांधे सोडवलेच नाहीत, वेळ जातो म्हणून. बसणाऱ्या, उभ्या राहणाऱ्या, सगळ्या एकाच रांगेत. सुरुवातीला हशा पिकला, मग दमछाक झाली, मग एकेक थांबायला लागली. सुवर्णा थांबली नाही. एकदा तिनं गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला ते दिसलं होतं. दिसलं नाही असं मी लोकांना सांगितलं, पण दिसलं होतं. तिच्या गुडघ्यात काय होत होतं हे मला ठाऊक होतं, कारण माझ्या गुडघ्यात तेच होत होतं. मी म्हटलं, "थांबू नको, सवयीनं जाईल."

ती उडी मारून खाली आली, पाय आत वळला, आणि ती बसली तशी उठलीच नाही. ओरडलीही नाही फारशी. पाय धरून नुसती "अव्वा, अव्वा" म्हणून आईला हाका मारत राहिली.

गुडघ्याच्या आतला बंध तुटला, असं दवाखान्यात सांगितलं. संध्याकाळी तिचा नवरा पटांगणात आला. सासू मागं. सगळ्या बायका गोळा झाल्या. "कुणी सांगितलं हुतं आमच्या घरातलीला उड्या मारायला?" त्यानं विचारलं. तो माझ्याकडंच बघत होता.

मी काय म्हणू शकले असते? चुकलं म्हणू शकले असते. मोबाईल दाखवू शकले असते. विचार करायला वेळ नव्हता, असं म्हणणं सोपं आहे — पण वेळ होता. हातातला मोबाईल मी पदराखाली घेतला, तेवढा वेळ होता. मग मी म्हटलं, "अक्का सांगून गेल्या होत्या. आता वाढवा म्हणून."

सगळ्यांना ते पटलं. मला अक्कांनीच नेमलं होतं ना? आणि मी साधी, लांबून आलेली, फारसं न शिकलेली बाई. मी स्वतःच्या मनानं असं कशाला करेन? माझा भित्रेपणा माझ्या उपयोगी पडला.

अक्का लग्नाहून आल्या त्या थेट सुवर्णाकडं. तिथं त्यांना काय ऐकावं लागलं ते मला नंतर कळलं. नंतर पटांगणातही सुवर्णाचा नवरा आला. "डाक्टर हायसा का तुमी? दवाखान्यात फरशी पुसली म्हंजी हाडं कळत्यात व्हय?" असं सगळ्यांदेखत म्हणाला. मी मागं उभी होते. अक्कांनी मान वळवली आणि बायकांतून नेमकं मला शोधलं. आता बोलणार, असं वाटलं. खोटं पुन्हा कसं बोलायचं, ते मी जुळवतसुद्धा होते.

अक्का त्याला म्हणाल्या, "चुकलं माझं. मी लक्ष द्याला पायजे हुतं."

एवढंच. दुसऱ्या दिवसापासून पटांगणाला कुलूप लागलं.

आता तुम्हाला वाटेल, इथं माझे डोळे उघडले असतील. नाही. मला जास्तच भीती वाटायला लागली. या गप्प का राहिल्या? पुढं कधीतरी हे बाहेर काढायला? माझ्याकडून काय हवंय यांना? त्या नळावर भेटल्या की मी वाट बघायची, आता विषय निघेल. एकदा त्या कळशी खाली ठेवून माझ्याजवळ आल्याच. म्हणाल्या, "तुझा गुडघा कसाय?"

त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्यापासून, माझ्या चालण्यावरून. मी म्हटलं, "बरा आहे." तेही खोटंच.

सुवर्णा चालायला लागली, पण तिला मांडी घालता येईना. मांडी नाही तर सूप ठेवायचं कुठं? तिनं खुर्चीवर बसून, समोर बाकडं घेऊन बघितलं. हात चालेना. सगळ्या गल्लीत चपळ म्हणून नाव असलेली पोरगी, सासूनं वळलेल्या विड्यांना नुसते दोरे बांधत बसायला लागली. ती अक्कांशी आजही बोलत नाही. माझ्याशी बोलते. मला ताई म्हणते. सणाला पुरणपोळी आणून देते.

आणि आता शेवटचं, जे मला सगळ्यात कठीण आहे. पुढच्या गल्लीतल्या गच्चीवर बायकांचा व्यायाम पुन्हा सुरू झाला. तो मी घेते. बसणाऱ्या इकडं, उभ्या राहणाऱ्या तिकडं. जमतंय वाटतं त्याच्या निम्मं करा. जिना कसा उतरलीस? सगळं अक्कांचं, शब्दन् शब्द. बायका म्हणतात, "ताईंच्या हाताखाली कुणाला साधी लचकबी भरत न्हाई." मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, विनयानं.

अक्का येत नाहीत. त्यांना कुणी बोलावलं नाही. मीही नाही.

मी माझ्या बाजूनं काही मांडत नाही. परकी होते, भित्री होते, नोकरीची काळजी होती — हे सगळं खरं आहे आणि त्यानं काहीच होत नाही. अक्कांना आता माझ्याकडून काही हवंय, असंही मला वाटत नाही. त्यांना कधीच काही नको होतं, हे मानायलाच मला इतकी वर्षं लागली. अजूनही रोज मानता येत नाही.

पण एक सकाळ येईल. गच्चीवर सगळ्या असतील. सुवर्णाला मी हात धरून जिना चढवून आणेन, तिच्या नवऱ्यालाही बोलावेन. आणि उड्या मारायला मीच सांगितलं होतं, अक्कांनी नको म्हटलं होतं, हे मी मोठ्यानं म्हणेन, माझ्या गावच्या बोलीत, जशी मला येते तशी. मग खाली जाऊन अक्कांना घेऊन येईन आणि त्यांची जागा त्यांना देईन. अक्का, हे मी फेडणार आहे.