गाडी देणारे मावसाजी

गाडी घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. गाडी देणारा माणूस मात्र उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आमच्या मोठ्या मावशीचे यजमान, सेलूचे मावसाजी. कापडाचं दुकान, गावाबाहेर थोडं वावर आणि नव्वद सालाच्या आसपास घेतलेली एक जुनी पांढरी मोटार, एवढा त्यांचा संसार. त्यातली मोटार त्यांनी घेतल्या दिवसापासूनच गावाला वाटून टाकली होती. कोणाची बाळंतीण वर्ध्याला न्यायची, कोणाचा नवरदेव पुलगावला पोचवायचा, सगळ्यांचे पाय मावसाजींच्या ओसरीकडे वळायचे. मावशीला माहेरी जायचं असलं की मात्र एसटी. "गाडी बाहेर गेली हाय," हे मावसाजी अशा अभिमानाने सांगत, की मुलगा परदेशी गेल्याचं सांगणाऱ्या बापाने लाजावं.

पण किल्ली हाती पडण्याआधी एक सोहळा असे. मावसाजी चष्मा लावत, समोरच्याचं लायसन हातभर लांब धरून वाचत, त्यावरचा फोटो चेहऱ्याशी ताडून पाहत आणि मग मुदतीच्या तारखेवर बोट ठेवत. "विमा गाडीचा असते," ते समजावत, "म्हणून तू चालोली तरी चालते. पण तुह्यापाशी चालू लायसन पाह्यजे, अन् मी तुह्याजवळून भाडं घ्याले नाई पाह्यजे. यातलं एक हुकलं का विमा गेला." एका हरखलेल्या वरबापाने गाडीत मिठाईचा डबा ठेवला, तर हा भाड्यात धरला जाईल की काय या धास्तीने मावसाजींनी तो उभ्या उभ्या गल्लीत वाटून टाकला.

तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा पुतण्या स्वतःच्या लग्नासाठी गाडी मागायला आला, तर त्याच्या लायसनची मुदत संपलेली. "गाडी तुमचीच हाय," मावसाजी म्हणाले, "पण तुमच्या हाती नाई देत. चला, मी येतो चालवाले." नकारापेक्षा लोक यालाच जास्त घाबरत. रस्त्यात बकरी आली की मावसाजी हॉर्न देत, गाडी थांबवत आणि तिचा विचार पक्का होईपर्यंत वाट पाहत. त्या दिवशी वऱ्हाडाची बस पोचली, मंडळींचा नाश्ता झाला, पानं खाऊन झाली, तरी नवरदेव वाटेतच होता.

असा माणूस एकदाच चुकला. मोठा जावई लेकीला घेऊन नागपूरहून आला होता. जरा पवनारला जाऊन येतो, म्हणून त्याने किल्ली मागितली. मावसाजींचा हात चष्म्याकडे गेला, तोच मावशी आतून पुटपुटली, "जवायाले लायसन मांगता का? लोकं हासतीन ना!" हात खाली आला. किल्ली गेली.

वाटेत मोटारीची धडक सायकलवरून पेरू विकायला निघालेल्या एका म्हाताऱ्याला बसली. पाय मोडला. जावयानेच त्याला उचलून दवाखान्यात नेलं. पण जावयाचं लायसन कधीचंच संपलेलं होतं.

संध्याकाळी सगळे ओसरीवर जमले. मीही होतो. गावातला विम्याचा एजंट मावसाजींच्या कानाशी लागला. "काकाजी, एवढंच सांगा का गाडी तुम्ही चालवत होते. तुमचं लायसन पक्कं हाय. कंपनी सारं भरून देईन."

मावसाजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "कोन मानीन? मी चालवत असतो त तो म्हातारा माह्या आंधी बाजारात पोचला असता."

कोणीतरी फिसकन हसलं. मावसाजी हसले नाहीत. "अन् त्यानं पाह्यलं ना कोन होतं ते. उद्या त्याले भेटाले जाईन तवा काय सांगू? तुले दिसलं ते खोटं हाय म्हणू?"

"बाबा, यायच्यावर केस होईन," मुलगी नवऱ्याकडे पाहत रडत म्हणाली.

"होईन. मी बाजूले उभा राहीन. न पाह्यता गाडी देली मी. पह्यली चूक माही."

जावई उठून आत गेला आणि सकाळच्या गाडीने बायकोला घेऊन नागपूरला निघून गेला. मावसाजींनी खरं ते सांगितलं. म्हाताऱ्याची भरपाई त्यांच्या अंगावर आली, मोटार विकावी लागली. कोर्टात जावयाला दंड झाला तेव्हा मावसाजी त्याच्या बाजूला उभे होते. त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. त्या वर्षी दिवाळीला लेक माहेरी आली नाही, आणि मावशी मावसाजींशी फक्त जेवायला बोलावण्यापुरतं बोलत राहिली.

मावसाजी मात्र दर आठवड्याला एसटीने म्हाताऱ्याच्या गावी जात आणि त्याला धरून अंगणात चालवत. "शेठजी, हळू!" म्हातारा ओरडे. आयुष्यात मावसाजींना हळू म्हणणारा तो पहिलाच माणूस असावा.

मावसाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात त्या एका दुपारचे. मी त्यांच्यासोबत म्हाताऱ्याकडे गेलो होतो. अंगणात आधीच कोणीतरी म्हाताऱ्याचा दंड धरून त्याला चालवत होतं. जावई होता. मावसाजी क्षणभर थांबले, चपला काढल्या आणि म्हाताऱ्याचा दुसरा दंड धरला. ते दोघे एकमेकांकडे पाहतही नव्हते. दोघांची नजर म्हाताऱ्याच्या पावलांवर होती, आणि तिघेही हळूहळू निंबाच्या सावलीकडे चालले होते.