मावशीच्या थकव्याचं भाषांतर

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही — बायकोजवळही नाही, आणि तिच्यापाशी माझ्या पोटात सहसा काही राहत नाही.

नव्वदच्या दशकातलं बंगळूरचं कोरमंगला तुम्ही पाहिलंय का? आमच्या घरात पंखा नव्हता, लागायचाच नाही. समोर रिकामे प्लॉट, शेजारच्या अक्कांकडचा फिल्टर कॉफीचा वास, आणि गच्चीत ऊन खात शेंगा निवडणारी माझी मावशी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मला इथे नोकरी लागली, तशी साताऱ्याचं बिऱ्हाड मोडून माझ्यामागे आली. फार सुखाचे दिवस होते ते. अजून आठवले की गलबलून येतं.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. हात-पाय सावरले, थकवा मात्र हटेना. वेणी घातली की आडवी. दोन कपबशा विसळल्या की आडवी. मी चिडायचो — मनातल्या मनात. नाही, मोठ्यानेही.

एका डॉक्टरांकडे अशा पेशंटांसाठी नवा प्रयोग चालला होता. सुई नाही, कापाकापी नाही. डोक्याजवळ चुंबकाची चकती धरून मेंदूला बाहेरूनच हलके ठोके द्यायचे. गुणाची हमी नव्हती. पण तीन आठवडे रोज सकाळी जावं लागणार होतं. आणि मी? ऑफिसात परदेशी ट्रेनिंगसाठी नावं निघत होती. रोज उशीर केला असता, तर माझं नाव कटलं असतं.

मावशीला फक्त मराठी. डॉक्टरांना कन्नड आणि इंग्रजी. मध्ये मी. थकवा कितपत, त्यांनी विचारलं.

"नुसतं उठून बसले तरी घाट चढल्यागत होतंय बघ. सांग की त्यांना," मावशी म्हणाली.

मी सांगितलं — थकवा विशेष नाही, झोपायची सवय आहे.

तिथेच थांबलो असतो तरी... पण नाही. हा थकवा आजाराचाच भाग असतो, असं डॉक्टरांनी मला आधीच बजावलं होतं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणाले रे?"

"म्हणाले, आजार गेलाय. आता उरलाय तो आळस."

तिनं मान डोलावली. रागावलीसुद्धा नाही.

डॉक्टरांनी तिला प्रयोगात घेतलं नाही, आणि ट्रेनिंगला मी गेलो. त्या चकतीनं तिला गुण आला असता का, देव जाणे. पण मी तिला काय सांगितलं, ते मी जाणतो.

मावशी आणखी तीन वर्षं जगली. अक्का मदतीला आल्या, की ओशाळून हसायची आणि म्हणायची, "नानु स्वल्प सोमारी, अक्का" — मी जरा आळशीच आहे. कन्नडमधलं तेवढं एकच वाक्य ती शिकली. मी शेजारीच बसलेला असायचो.