नवी बयकी

गौरव्वा पहिल्यांदा माझ्याशी बोलल्याच नाहीत. माझ्या पोटाशी बोलल्या. मी परसात भिंतीला धरून ओकत होते. पलीकडून डोकावून त्या कन्नडमध्ये दरडावल्या, "सुम्मनिरु." म्हणजे गप्प राहा. मला वाटलं, मलाच म्हणताहेत. मी ओकता ओकता माफी मागितली.

"तुला न्हाय," त्या म्हणाल्या. "तू गप्पच हायस. त्येला सांगायलेय."

नळदुर्गात आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांना लागून त्यांचं किराणा दुकान होतं. गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, कपाळावर भस्म, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. शाळा सोलापूरला, इंग्रजीतून झालेली. सासर निजामाच्या मुलखात. आमचे हे सरकारी मदरशात, म्हणजे तिथल्या शाळेत, उर्दूतून गणित शिकवत. मला मराठी घरापुरती येई, उर्दू ऐकण्यापुरती, कन्नड मुळीच नाही. त्यामुळे कुठल्याच भाषेत न बोलण्याची माझी चांगली सोय झाली होती.

गौरव्वांचं म्हणणं असं की, पोट माणसाच्या आधी जागं होतं आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून दंगा सुरू करतं. म्हणून उशाशी कडक भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि डोळे उघडायच्या आत चावायला लागायचं. "तू उठलीस म्हनून त्येला कळू द्यायचं न्हाय." रागवायचं तेही कन्नडमध्येच, मराठीत त्याला लाड वाटतात. मी रोज डोळे मिटून भाकरी चघळू लागले. हे दचकून उठत आणि घरात उंदीर शोधत.

एक वास मात्र कशानंच सोसवेना: यांच्या केसांच्या तेलाचा. हे यांना मी कसं सांगणार? गौरव्वांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं आणि यांना हुकूम सोडला की, सकाळी शाळेची वेळ होईस्तोवर घरात थांबायचं नाही. तेल लावणं सोडा, असं कुणालाच सुचलं नाही. यांची दाढी आणि न्याहारी दुकानाच्या पायरीवर होऊ लागली. मदरशाची मुलं येता-जाता साबणाचा फेस लावलेल्या मास्तरांना आदाब करत.

तामलवाडीचा एक टांगेवाला दुकानात तंबाखू घ्यायला येई. त्यानं विचारलं, मास्तर बाहेर कसे? गौरव्वा तराजूकडे बघत म्हणाल्या, "घरात नवी बयकी आलीया. आता मास्तराचं काय चालतंय?"

बयकी म्हणजे कन्नडमध्ये डोहाळे. गौरव्वा मळमळीलाही तेच म्हणत. टांगेवाल्याला कन्नड येत नव्हतं. त्यानं ऐकलं बायकू, आणि तीही नवी. सोलापूरला भाडं घेऊन गेला की माझे वडील, नाना, त्याच्याकडेच माझी खुशाली विचारत.

नाना दुसऱ्याच दिवशी आले. जावई पायरीवर भाकरी खात होता. त्यांची खात्रीच पटली.

"ती कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"आत आहे. सकाळपासून बरं नाही तिला."

"आणि माझी मुलगी?"

हे गोंधळले. "तीही आतच आहे."

नाना आत आले आणि मला म्हणाले, "सामान बांध. टांगा उभा आहे. या घरात तू पुन्हा पाय टाकायचा नाहीस."

मला दिवस गेलेत, एवढंच सांगायचं होतं. पण आमच्याकडे वडिलांसमोर असलं कधी कुणी उच्चारलं नव्हतं. हेही सासऱ्यांपुढे लाजून जमिनीकडे बघत राहिले. ते वाक्य बोलण्यापेक्षा नवरा सोडणं मला सोपं वाटलं की काय, कोण जाणे. मी खरंच ट्रंक उघडली आणि लुगड्यांच्या घड्या घालू लागले.

दारात गौरव्वा उभ्या होत्या. मी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं.

"म्या सांगनार न्हाय," त्या म्हणाल्या. "संसार तुझा हाय. पोटाला आतलं भायेर काढता येतंय, आन् तुला येत न्हाय व्हय?"

मी वळले. "नाना, मला," असं म्हणाले, आणि तेवढ्यात हे काळजीनं जवळ सरकले, तेलासकट. पुढचं सगळं नानांच्या नव्या पंपशूंवर पडलं.

"झालं सांगून," गौरव्वा म्हणाल्या.

मी तोंड पुसलं आणि उरलेलं वाक्यही पुरं केलं. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाच माहीत नव्हतं.

नानांनी एकेक पंपशू काढला. मग हळूच म्हणाले, "मग ती दुसरी?"

गौरव्वांनी माझ्या पोटावर हात ठेवला. "ही काय. आत हाय."

मुलगीच झाली. ती मराठीत सांगितलेलं काही ऐकत नसे.

पुढे रझाकारांच्या गडबडीच्या वर्षी आम्ही गाव सोडून सोलापूरला निघालो. गौरव्वा दुकान सोडायला तयार नव्हत्या. गाडीत मुलीनं रडून आकांत मांडला. त्या पायरीवरूनच म्हणाल्या, "सुम्मनिरु," आणि ती जागच्या जागी थांबली. गाडी हलली. भर रस्त्यात मी कधी कुणाला हाक मारली नव्हती. त्या दिवशी वळणापर्यंत मी हाका मारत होते: गौरव्वा, चला ना, आमच्याबरोबर चला.

त्यांनी पायरीवरून हात हलवला. "बोलाया लागलीस," त्या म्हणाल्या, "आन् चाललीस."