त्या गाड्यांना वेगळा फलाट हवा

माझ्या मुलाचं लग्न एका बाईमुळे मोडता मोडता राहिलं, आणि त्या बाईचं नाव मला आजही माहीत नाही. ती अमेरिकेत राहत असावी. तिची माझी गाठ नव्याण्णव साली संगमनेरात पडली, स्टँडमागच्या गाळ्यात, भर सकाळी. तिची काही चूक नव्हती. माझ्या मुलाची, संजयचीही नव्हती. पंचवीस वर्षं त्याच्या नावावर खपलेला हा प्रकार माझा होता. आता वय झालंय, तेव्हा सांगून टाकतो.

मी स्टँडवर कंट्रोलर होतो. जन्म गेला तो कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागेल हे ओरडून सांगण्यात. निवृत्तीनंतर संजयने इंटरनेटचा गाळा काढला. दोन कॉम्प्युटर, दोन्हींना त्याच्या आईने शिवलेली झालरीची कव्हरं. चपला बाहेर काढूनच आत यायचं. (आमच्या देवघराला एवढं सोवळं नव्हतं.)

त्याच सुमाराला राजूरच्या एका गुरुजींची मुलगी, वर्षा, सांगून आली. आधीच्या तीन मुलींना नकार देणारा संजय वर्षाला पाहून आला आणि आंघोळ करताना गुणगुणायला लागला. आता फक्त मुलीकडच्यांनी आमचं घर पाहायला यायचं राहिलं होतं. आमच्या भागात ही मंडळी येतात ती विहिरीचं पाणी, गोठ्यातली जनावरं आणि पत्र्याची भोकं बघायला. आमच्याकडे विहीर नाही, जनावर नाही. होता तो गाळा. गाळा पसंत पडला तरच मुलगा पसंत पडणार होता.

ठरलेल्या दिवशी संजयने गाळा उघडला, एक कॉम्प्युटर चालू केला, इंटरनेट जोडलं आणि म्हणाला, "अण्णा, मी पाहुण्यांना स्टँडवरून घेऊन येतो. तोवर कशाला हात लावू नका."

"मी कशाला लावतोय हात?" असं म्हणालो, आणि तो कोपऱ्यावर दिसेनासा होताच खुर्चीत बसलो.

माझा हेतू शुद्ध होता. पाहुण्यांसमोर बापालाही चार गोष्टी कळतात हे दिसावं, म्हणून अमेरिकेतल्या बसचं वेळापत्रक काढून ठेवायचं ठरवलं. एका बोटाने शब्द टाइप केले. समोर यादी आली. प्रत्येक पत्त्याच्या शेवटी डॉट कॉम! म्हणजे सगळ्या गाड्यांना एकच पाटी. मी आपला मधलाच एक पत्ता निवडला. (असली मंडळी तेव्हा कुठल्याही साध्या शब्दाच्या आडोशाला उभी असत, हे मला फार नंतर कळलं.)

त्या काळी चित्र एकदम येत नसे. वरून खाली, पट्टी पट्टी करत उतरे. आधी केस आले. लांब, दाट. मला वाटलं तेलाची जाहिरात. मग कपाळ. मग हसरा चेहरा. म्हटलं, तिकीट खिडकीवरची बाई असणार. आमच्याकडे खिडकीतून कुणी असं हसलं असतं तर निम्म्या तक्रारी आल्याच नसत्या. मग गळा. मग खांदे. खांद्यांवर काही नव्हतं. म्हटलं, तिकडे उकाडा असेल. चित्र आणखी दोन बोटं खाली सरकलं आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

कोपऱ्यातली फुली दाबली की चौकट जाते, हे संजयला करताना पाहिलं होतं. फुली दाबली. बाई गेली आणि तिच्या जागी दोघी आल्या. त्या दोघींना घालवलं, तर त्या आणखी मैत्रिणी घेऊन आल्या. दिवाळीच्या आदल्या दिवशी पुण्याच्या गाडीला एवढी गर्दी मी पाहिली नव्हती! शेवटी पडद्याखालचं बटण दिसलं. ते दाबलं. अंधार. गेल्या बाया. आमच्या टीव्हीचं असंच आहे, बटण दाबलं की संपलं. खालचा डबा घरघरत होता, पण ती घरघर मला विजेची वाटली. मी कव्हर घातलं, झालर सारखी केली आणि दारात जाऊन उभा राहिलो.

पाहुणे तिघे आले. गुरुजी, त्यांची थोरली बहीण म्हणजे वर्षाची आत्या, आणि वर्षाचे मामा. मामांची राजूरजवळच्या अकोल्याला कोंबड्यांची शेड होती. चपला बाहेर काढायला सांगितल्यावर आत्याबाई तेवढ्यात घरून आलेल्या संजयच्या आईला म्हणाल्या, "सोच्छ हाय हो तुमचं." एक गुण मिळाला, असं मी मनात धरलं.

मामा म्हणाले, "जावईबापू, दाखवा तर काय हाय ह्या डब्यात."

त्यांनी 'जावईबापू' म्हटलं! संजयचे कान लाल झाले. त्याने पुतळ्याचं अनावरण करावं तसं कव्हर काढलं आणि पडद्याचं बटण दाबलं.

बाया तिथेच होत्या. दरम्यान सगळ्यात पुढची पूर्ण उतरली होती, अगदी पायांच्या नखांपर्यंत.

गुरुजींनी डोळे मिटले. मामांनीही मिटले, पण एकच. संजयने घाईघाईने फुली दाबली. पुढचं मला माहीत होतं, दोघी आल्या. मी धावलो आणि भिंतीतली फोनची वायर उपटली. इंटरनेट गेलं, बाया राहिल्या. अखेर आत्याबाईंनी संजयच्या हातातलं कव्हर घेऊन पडद्यावर टाकलं आणि म्हणाल्या, "थंडी वाजत आसंल बिचारीला."

गुरुजींनी डोळे उघडले. "हे इथं आलं कसं?"

सगळे संजयकडे बघायला लागले. संजय माझ्याकडे बघायला लागला. त्याला कळलं होतं. मी तोंड उघडलं, 'मीच' म्हणायचंच होतं, आणि बाहेर आलं ते असं:

"गुरुजी, दोष ह्या डॉट कॉमचा आहे."

"म्हणजे?"

"स्टँडवर नाशिकची गाडी वेगळी, अकोल्याची वेगळी, प्रत्येकीला आपापला फलाट. इथं शाळा, बँक, देवस्थान आणि ही बाई, सगळे एका फलाटावर, एकाच पाटीखाली! ह्यांना शेवटी वेगळी अक्षरं द्या. वेगळा फलाट. म्हणजे सभ्य माणूस चुकूनसुद्धा तिकडे जाणार नाही."

"आन् असभ्य मानूस?" मामांनी विचारलं.

"तो जाईल तिकडे."

"सरळ? शोदाशोद न करता? म्हंजी तुमी त्याची सोयच केली की."

"होऊ दे सोय," गुरुजी अचानक पेटले. "पण मग शाळेला एक कुलूप पुरेल. तो फलाटच बंद. आज कुणाकुणाला अडवणार? मी अण्णांच्या बाजूचा आहे."

"दाजी, पन तिकडं जायची सक्ती कोन करनार? ही बाई डॉट कॉमवरच बसते म्हनली तर?"

"कायदा करायचा."

"बाई अमेरिकेची, कायदा राजूरचा?"

"जगभरचा कायदा."

"आन् सभ्य काय, असभ्य काय, ते ठरवनार कोन? लेण्यांतल्या मूर्तींना कंच्या फलाटाला लावनार?"

"लेणी डॉट कॉमलाच राहतील," गुरुजी गरजले.

"डाक्टरची पुस्तकं? आमच्या शेडीचा फोटू? कोंबड्याबी उघड्याच हायेत!"

काय रंगली चर्चा! मी फलाटांचे नकाशे हवेत काढत होतो, गुरुजी टेबल बडवत होते, मामा उभे राहून बोलत होते. बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली, तीही पक्ष घेऊन भांडायला लागली. संजयच्या आईने आणलेल्या चहावर साय धरली. मी मनातून खूश होतो. मुलाला सगळे विसरले होते.

आत्याबाई नव्हत्या विसरल्या. त्या कधीपासून गप्प बसून माझ्याकडे पाहत होत्या.

"फलाट मागून बांधा," त्या म्हणाल्या. "ह्या गाडीत सकाळी बसलं कोन हुतं, ते आदी सांगा."

जन्मभर भोंग्यावर ओरडलेला मी, खाली वाकून फोनची वायर परत भिंतीत खोचायला लागलो. 'मीच' म्हणालो असतो तर सोयरीक व्हायच्या आधीच मुलीच्या सासऱ्याची ही कीर्ती राजूरच्या बाजारात पोचली असती. संजयने एकदा माझ्याकडे बघितलं.

"मी बसलो होतो," तो म्हणाला. "सकाळी. चूक झाली."

पाहुणे दुपारच्या गाडीने गेले. संजयचं गुणगुणणं बंद झालं. आठवड्याने गुरुजींचा फोन आला. "खोटं बोलला असता तर मुलगी दिली नसती," ते म्हणाले. "खरं बोलणारा आहे. पण एक अट. ह्यापुढं कॉम्प्युटरचा पडदा कायम रस्त्याकडं तोंड करून राहील."

लग्न झालं, थाटात झालं. पडदे रस्त्याकडे वळले आणि ऊन पडद्यावर यायला लागल्यामुळे अर्धी गिऱ्हाइकं गेली. वर्षा गुणी सून आहे, पण वडिलांची अट तिने आजवर पाळली. संजय आता पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. त्याला अजून घरात मोबाईल टेबलावर पालथा ठेवता येत नाही. ठेवला की वर्षा नुसतं "अहो" म्हणते. तो निमूटपणे उताणा करतो. प्रत्येक 'अहो' मला लागतो.

परवा जेवणं झाल्यावर मी दोघांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. बसचं वेळापत्रक, फुली, बटण, कव्हर, काही ठेवलं नाही.

वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पदराने डोळे टिपले आणि नवऱ्याला म्हणाली, "बघा. ह्या वयातसुद्धा बाप मुलासाठी स्वतःवर आळ घेतोय. शिका काहीतरी."

"अगं, खरंच मी होतो," मी म्हणालो.

"राहू द्या अण्णा. तुम्हाला अजून फोनचा आवाज बारीक करता येत नाही. टीव्ही बंद करायला मला हाक मारता. तुम्ही आणि इंटरनेटवर बाई शोधणार?"

संजयकडे वळलो. म्हटलं, तू तरी सांग हिला. तो हसून म्हणाला, "जाऊ द्या ना अण्णा. पंचवीस वर्षांत हिने एवढ्या प्रेमाने कुणाबद्दल बोललेलं मी ऐकलं नव्हतं."

तेव्हापासून घरात माझा मान वाढलाय. दुधात सुंठ येते. गुन्हा केला, कबूलही केला, पण तेवढी अक्कलच ह्याला नाही, या एका मुद्द्यावर माझी निर्दोष सुटका झाली आहे.