पेद्रूचा थोरला मुलगा

“इनास हा पेद्रूचा मुलगा, याला पुरावा काय?” महसूल खात्याच्या सर्कलसाहेबांनी पुन्हा विचारलं. रोझामावशी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बाजूने बोलायला मी गेले होते आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

भुईगावातली वाडी अजून मावशीच्या आजोबांच्या, म्हणजे पेद्रूच्या, नावावर होती. तिचे वडील इनास वारले तेव्हा वारस नोंद कुणी केलीच नाही. मावशी मात्र जन्मभर तीच वाडी शिंपत आली. आता तिने नोंदीसाठी अर्ज केला, तर चुलतभाऊ बस्त्यावने हरकत घेतली. त्याचं म्हणणं, इनास पेद्रूचा नव्हेच. कुणाचा तरी पोर आणून वाढवलेला. नोंद झाली नाही तर मावशी त्या वाडीत परकी ठरणार होती.

“इनास गावात आला तो चालता-बोलता,” बस्त्याव म्हणाला. “पेद्रूच्या घरात त्याचा पाळणा कोणी पाहिला?”

“तू पाहिलेलास काय?” मावशी म्हणाली. “माझ्या लग्नात तू चड्डी घालायला रडत होतास.”

साहेब हसले आणि पुढची तारीख दिली.

मी तेव्हा जमीन-हक्काच्या एका संघटनेचं काम करायचे. मला पत्रकं लिहिता यायची, म्हणून मी त्याच संध्याकाळी महसूल खात्यावर एक जळजळीत पत्रक लिहायला घेतलं. आमच्या वकिलांनी कागद काढून घेतला. म्हणाले, आधी आजोबांचा मुलगा शोध, मग सरकारला शिव्या दे.

लोकांना वाटतं, जुनी माणसं शिरगणतीत सापडतात. सापडत नाहीत. सरकार डोकी मोजतं, बेरीज छापतं, नावं आपल्या हाती लागत नाहीत. ख्रिस्ती घरांचं बरं आहे. बाप्तिस्मा, लग्न, मरण, तिन्हीची नोंद चर्चमध्ये राहते. मी वटारच्या हिंदू वाडीवाल्यांची मुलगी, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. भुईगावच्या फादरांनी समजावलं आणि जुनी पोर्तुगीज पानं स्वतः वाचून दाखवली. पेद्रूची सगळी मुलं त्यात होती. बस्त्यावचे वडीलसुद्धा. इनास नव्हता.

पानं फाडली असतील, असं मी तोंडावर म्हणाले. फादर रागावले नाहीत. त्यांनी मलाच पानांचे आकडे तपासायला लावले. एकही पान गेलेलं नव्हतं.

मी चरफडत घरी आले, तर दारात ट्रंक. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आई न्हाणीघर घासत होती आणि ताईच्या सासूबद्दल जे बोलायचं ते बोलत होती. मी तशीच उभी राहिले. पहिलटकरीण माहेरी जाते, ही रीत आमच्यात आहे तशी त्यांच्यातही आहे. आणि त्या काळी मूल चार-आठ दिवसांचं झालं की बाप्तिस्मा व्हायचा. बाळंतीण अजून बाजेवर. मग मुलाचं नाव बापाच्या गावच्या चर्चमध्ये कसं लागणार?

सकाळी फादरांना सांगितलं, पेद्रूची मुलं सोडा, बायको कुठली ते शोधा. पेद्रूने भुईगावातल्याच मुलीशी लग्न केल्याची नोंद होती आणि तीत तो विधुर असल्याचं लिहिलं होतं. पहिली बायको मारिया, गाव नंदाखाल. मावशीला तिचं नावही कुणी सांगितलं नव्हतं. ती सावत्र आजीलाच आजी समजत आली होती.

नंदाखालला इनास सापडला. बाप पेद्रू, राहणार भुईगाव. आई मारिया. मयतांच्या नोंदीत मारियाही सापडली, बाप्तिस्म्याच्याच आठवड्यातली. पोर मामांकडे वाढलं आणि पायांनी चालत बापाच्या घरी आलं. गाव म्हणत होतं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं.

मी मावशीला जमिनीचं सांगत होते. ती मध्येच म्हणाली, “तिला पुरली कुठे, ते लिहिलंय काय?” रविवारी ती मेणबत्ती घेऊन नंदाखालला गेली.

पुढच्या तारखेला साहेबांनी बाप्तिस्म्याचा दाखला वाचला. बस्त्यावने मागून घेतला, सावकाश वाचला.

“म्हणजे इनासकाका माझ्या बापाचा थोरला भाऊ.”

“मग मी इतके दिवस दुसरं काय सांगत होते?” मावशी म्हणाली.

त्याने हरकत मागे घेतली. नोंद मंजूर झाली.

पत्रक मी लिहिलंच, पण वेगळ्या विषयावर. मावशीच्या अर्जात बापाचं नाव विचारलं होतं, आजाचं विचारलं होतं, आईचं कुठेही नव्हतं. हरवलेला पुरुष शोधायचा असेल तर त्याच्या बापाच्या गावात चपला झिजवू नका. त्याची आई कुठली, ते आधी विचारा.